स्वच्छताद्रव्ये, घरगुती : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

घरातील भांडी, वस्त्रे, जमीन, भिंती व इतर पृष्ठभाग यांवरील मळ, स्निग्धांश, डाग आणि दुर्गंधी दूर करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांना स्वच्छताद्रव्ये म्हणतात. यांपैकी जी द्रव्ये कारखान्यात तयार न होता घरच्या घरी, परिसरात मिळणाऱ्या वनस्पती, राख, माती, चुना, शेण इत्यादींपासून सिद्ध केली जातात, त्यांचा प्रस्तुत नोंदीत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरापुरता विचार केला आहे. उल्हास नदीचे खोरे, ठाण्याची खाडी, भातशेती, मिठागरे आणि १८५३ नंतर आलेली रेल्वे यांमुळे या परिसरातील गृहजीवनाला विशिष्ट वळण लागले. घर ज्या वस्तूंनी बनले त्या वस्तूंनीच ते स्वच्छ होत असे. घर बदलले तशी स्वच्छताद्रव्येही बदलली. या बदलाचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही. स्त्रियांच्या आणि परीट समाजाच्या कष्टांची नोंद ठेवण्याची प्रथा आपल्याकडे नव्हती, हे त्याचे एक कारण असावे.

‘नैसर्गिक’ आणि ‘रासायनिक’ असा जो भेद हल्ली केला जातो, तो शास्त्रीय दृष्ट्या काटेकोर नाही. चिंचेतील टार्टारिक अम्ल हेही रसायनच होय. मळ निघण्याच्या क्रिया मुख्यतः चार आहेत : घर्षण, क्षाराची (अल्कलीची) स्निग्धांशावर होणारी क्रिया, अम्लाची धातूच्या ऑक्साइडावर होणारी क्रिया आणि पाण्याचा पृष्ठताण कमी करून मळ सुटा करणाऱ्या, फेस देणाऱ्या द्रव्यांची क्रिया. जुन्या घरात या चारही क्रियांसाठी स्वतंत्र द्रव्ये होती. गृहिणीला त्यांची रसायनशास्त्रीय नावे ठाऊक नसली, तरी कोणत्या मळाला काय लागते हे अचूक ठाऊक असे.

प्राचीन उल्लेख : द्रव्यशुद्धी हा धर्मशास्त्राचा एक नेहमीचा विषय आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील व शिसे यांची भांडी क्षार, अम्ल व पाणी यांनी शुद्ध होतात असे सांगितले आहे. रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी ऊष म्हणजे खारी माती, कांबळ्यांसाठी अरिष्टक म्हणजे रिठा, तलम वस्त्रांसाठी बेलफळ आणि क्षौम म्हणजे जवसाच्या धाग्याच्या वस्त्रांसाठी पांढरी मोहरी अशी योजना तेथे दिली आहे. याज्ञवल्क्यस्मृतीतही द्रव्यशुद्धीचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिच्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही प्रसिद्ध टीका चालुक्यांच्या कल्याण येथे लिहिली गेली. ते कल्याण म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण होय, ठाणे जिल्ह्यातील कल्याण नव्हे. या नामसादृश्यामुळे वाचकांचा अनेकदा घोटाळा होतो. स्मृतींतील या विधानांचा हेतू शुचिर्भूततेचा असला, तरी त्यांमागील निरीक्षण व्यवहारातले आहे. लोकर व रेशीम हे प्राणिज धागे तीव्र क्षाराने खराब होतात, म्हणून कांबळ्यांसाठी सौम्य रिठा सांगितला गेला. आजही रेशमी वस्त्रे व शाली धुण्यासाठी रिठाच सुचविला जातो.

ठाणे जिल्ह्यातील कल्याण हेही प्राचीन बंदर असून पेरिप्लस या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा ‘कॅल्लिएना’ असा निर्देश आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस इंडिकोप्लुस्टीझ याने येथून तांबे, शिसवी लाकूड आणि कापड निर्यात होत असल्याचे नमूद केले आहे. ठाणे येथील कापडाचा उल्लेख मार्को पोलोने केला आहे, तर पुढे ठाण्याचे ख्रिस्ती विणकर रेशमी कापडासाठी प्रसिद्ध होते. तांब्याची भांडी आणि विणलेले कापड ज्या प्रदेशाचा व्यापार, त्या प्रदेशात ती उजळण्याची व धुण्याची विद्याही असणारच. मात्र ती ग्रंथांतून आली नाही; घराघरांतून आली.

राख : पारंपरिक स्वच्छताद्रव्यांत पहिले स्थान चुलीतील राखेला द्यावे लागेल. लाकडाच्या राखेत पाण्यात विरघळणारे पोटॅशियम कार्बोनेट असते. ओलसर हाताने राख घेऊन तेलकट भांड्यावर घासली, की हा क्षार तेलाशी संयोग पावून अल्प प्रमाणात साबणच तयार होतो आणि उरलेले कण घर्षणाचे काम करतात. ठाणे जिल्हा भाताचा असल्याने येथे भाताच्या तुसाची राख विपुल मिळे. तूस जाळल्यावर त्याच्या वजनाच्या सु. २० टक्के राख उरते आणि तिच्यात सिलिकेचे प्रमाण ८५ टक्क्यांच्याही वर असते. त्यामुळे ती लाकडाच्या राखेपेक्षा अधिक खरखरीत व क्षाराने कमी असते. काळी झालेली कढई आणि लोखंडी तवा यांना ती उपयोगी पडे, पण पितळेवर ओरखडे पाडी. जाणती बाई म्हणून दोन राखा वेगळ्या ठेवी. राखेबरोबर नारळाच्या काथ्याची वळी किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी घासणी म्हणून वापरीत. दात घासण्यासाठीही राखच असे आणि तिला राखुंडी म्हणत. तिची जागा पुढे दंतमंजनांनी घेतली. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईत सुरू केलेल्या विको या उद्योगाचा कारखाना डोंबिवलीत आला, हा या संदर्भात लक्षात घेण्याजोगा योगायोग होय.

लाकडाच्या राखेवर पाणी ओतून गाळून घेतलेले क्षारजल हे मळक्या सुती कपड्यांसाठी वापरीत. व्यावसायिक धुलाई मात्र बारा बलुतेदारांपैकी एक असलेल्या परिटाकडे असे. तो सज्जीखार, पापडखार यांसारख्या क्षारांत कपडे भिजवून भट्टीवर वाफवी आणि नंतर नदी वा तलावाच्या घाटावर दगडावर आपटून धुई. कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्ब्याचा रस वापरण्यात येई, कारण तो कोणत्याही क्षाराने निघत नसे. क्षारांचा पुरवठा दूरवरून होई. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या क्षारांचा उपयोग साबण व काच यांसाठी होत असल्याचा उल्लेख ऐन-इ-अकबरीत आहे. धुतलेल्या कपड्यांना भाताच्या पेजेची खळ दिली जाई, हे भातप्रदेशाला साजेसेच होय.

चिंच, लिंबू आणि आमसूल : तांब्यापितळेच्या भांड्यांवर हवेतील ऑक्सिजन, आर्द्रता व अन्नातील अम्ले यांमुळे काळपट थर व हिरवट कळंक येतो. कोकणच्या दमट हवेत तो विशेष लवकर येतो. चिंचेच्या गरात सु. ८ ते १८ टक्के टार्टारिक अम्ल असते. हे अम्ल ऑक्साइडाचा थर विरघळविते आणि त्यात मीठ घातल्यास क्रिया जलद होते. मीठ खाडीकाठच्या आगरांतून सहज मिळे, चिंचेची झाडे गावागावांत होती, आणि कोकमाची आमसुले तर प्रत्येक कोकणी घरातच असत. गणपती व दिवाळी यांपूर्वी समया, तांब्ये, घंगाळी, देवांची उपकरणी चिंचेने घासून पाण्याने धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसावी लागत. पुसणे राहिले तर भांडे पुन्हा काळवंडते, हा अनुभव घरोघरी होता. अम्लयुक्त पदार्थ पितळी भांड्यात कळकत असल्याने भांड्यांना आतून कथलाचा मुलामा म्हणजे कल्हई केली जाई. नवसागर टाकून भांडे तापविताना उठणारा पांढरा धूर आणि कल्हईवाल्याची हाक ही जुन्या ठाण्या-कल्याणच्या आळ्यांतील नेहमीची गोष्ट होती. कल्हई केलेला आतला भाग राखेने जोराने घासायचा नाही, हा नियम होता. तो मोडला तर कल्हई पुन्हा करावी लागे आणि खर्च वाढे.

रिठा आणि शिकेकाई : फेस देणाऱ्या वनस्पतींत रिठा प्रमुख होय. कोकण व दख्खन भागांत आढळणारी जाती सॅपिंडस लॉरिफोलियस असून हिमालयाच्या पायथ्याशी वाढणारी जाती सॅपिंडस मुकोरोसी ही होय. दोहोंच्या फळांच्या गरात सॅपोनिने हे द्रव्य असते. बिया काढून टाकलेली टरफले रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, सकाळी उकळून, हाताने कुस्करून गाळले असता तपकिरी, फेसाळ द्रव मिळतो. साधारणपणे १०० ग्रॅम टरफलांना १ लिटर पाणी पुरेसे होते. साबणाचा फेस जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांमुळे नासतो आणि कपड्यावर चिकट साका बसतो. रिठ्याचे तसे होत नाही. विहिरीच्या पाण्यावर भागविणाऱ्या घरांत त्याला मान होता, तो यामुळेच. मात्र हा द्रव टिकत नाही, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो. त्यामुळे रिठा ही बाटलीत भरून विकण्याची वस्तू न होता भिजवून त्याच दिवशी वापरण्याची वस्तू राहिली, आणि तेच तिच्या व्यापारी पराभवाचे मूळ कारण ठरले.

साबण हा शब्द अरबी ‘साबून’ व पोर्तुगीज ‘सबाँव’ या शब्दांशी निगडित आहे. ठाणे व साष्टीचा बराच भाग १७३७ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली होता, त्यामुळे या परिसरात तो शब्द लवकर परिचित झाला असणे संभवनीय आहे. तथापि वस्तू म्हणून साबण सोवळ्याच्या घरांत सहजी शिरला नाही. त्यात प्राण्यांची चरबी असल्याचा आक्षेप होता. देवघरातील वस्त्रे आणि सोवळ्याची रेशमी धोतरे यांसाठी रिठा राहिला, त्याच्या टिकण्यामागे रसायनशास्त्राइतकेच हेही कारण होते. गोदरेज कंपनीने १९१८ साली वनस्पतिज तेलापासून केलेला ‘चावी’ छापाचा साबण बाजारात आणला, तेव्हा हा आक्षेप बऱ्याच अंशी दूर झाला.

शेण, चुना आणि जमीन : मातीच्या जमिनीवर झाडू मारल्याने धूळ उठते. शेणाच्या सारवणाने ती बसते, जमिनीच्या भेगा बुजतात आणि तंतुमय थर तयार होतो. सारवण हे म्हणूनच स्वच्छतेइतकेच दुरुस्तीचेही काम होते. शेण जंतुनाशक असल्याचे जे म्हटले जाते, त्याला मात्र आधार पुरेसा नाही. शेणात धनुर्वाताच्या जंतूंची बीजाणू असू शकतात आणि जखमेवर वा नवजात अर्भकाच्या नाळेवर शेण लावण्याची जुनी चाल घातक ठरली होती. या बाबतीत परंपरेचे कौतुक करताना हात आखडता घेतला पाहिजे. चुन्याची गोष्ट निराळी आहे. विरलेल्या चुन्याच्या निवळीची क्षारता इतकी तीव्र असते (पीएच मूल्य सु. १२.४), की तीत बहुतेक जंतू जगत नाहीत. दिवाळीपूर्वी भिंतींना चुना लावण्याची चाल ही खऱ्या अर्थाने निर्जंतुकीकरणाची चाल होती.

घराचे परिवर्तन : या सर्व द्रव्यांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांपैकी प्रत्येकाची घरातील एखाद्या वस्तूशी जोडी होती. राखेची चुलीशी, चिंचेची पितळेशी, शेणाची मातीच्या जमिनीशी, चुन्याची मातीच्या वा विटांच्या भिंतीशी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जोड्यांतील दुसरी वस्तूच नाहीशी झाली.

मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली व पुढील वर्षी ती कल्याणपर्यंत गेली. डोंबिवली स्थानक १८८७ साली झाले. तरीही डोंबिवली दीर्घकाळ लहान गावच होते. मुंबईतील जागेची टंचाई वाढल्यानंतर, विशेषतः १९६० नंतर, गिरगाव, दादर, परळ येथील मध्यमवर्गीय व गिरणगावातील कुटुंबे डोंबिवली, कल्याण व ठाणे येथे स्थायिक होऊ लागली. ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे सु. १८.४ लाख व सु. १२.५ लाख होती. नव्या ‘ब्लॉक’मध्ये शहाबादी वा मोझेइक फरशी, ओट्याला कडप्पा, स्टेनलेस स्टीलची भांडी आणि आधी रॉकेलचा स्टोव्ह व मागाहून गॅस आला. गॅसची शेगडी आली आणि राख संपली. ज्या घरात राखच तयार होत नाही तेथे भांडी घासायला काय घ्यावे, हा प्रश्न प्रथमच बाजारातून सोडवावा लागला. स्वच्छताद्रव्ये विकत घेण्याची सवय ही जाहिरातींनी लावली असे सर्रास म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. चूल विझली हे त्याआधीचे कारण होय.

बाजाराने हा प्रश्न वेगाने सोडविला. लीव्हर कंपनीचा सनलाइट साबण १८८८ पासूनच हिंदुस्थानात येऊ लागला होता आणि टाटा ऑइल मिल्सचा ५०१ हा धुण्याचा साबण घरोघरी परिचित होता. संश्लेषित प्रक्षालकांचे युग १९५० नंतर सुरू झाले. १९५९ मध्ये सर्फ ही भुकटी बाजारात आली, पण तिची किंमत सामान्य घराला परवडणारी नव्हती. १९६९ साली अहमदाबाद येथे करसनभाई पटेल यांनी सुरू केलेल्या निरमा भुकटीने सर्फच्या सु. एक-चतुर्थांश किमतीत माल विकून हे चित्र पालटले. तिच्या पाठोपाठ मुंबईभोवतीच्या उपनगरांतही घरगुती स्वरूपात धुण्याची पावडर करण्याचे प्रयत्न झाले. सोडा, मीठ आणि ‘ॲसिड स्लरी’ या नावाने मिळणारे सल्फॉनिक अम्ल घमेल्यात कालवून, वाळवून, चाळून पिशव्या भरण्यात येत. हे घरी तयार केलेले स्वच्छताद्रव्य होते, पण निर्विष मुळीच नव्हते. स्लरी त्वचा भाजते आणि हातमोज्यांवाचून काम करणाऱ्या स्त्रियांच्या बोटांना त्याची किंमत द्यावी लागे. घरी केलेले म्हणजे सौम्य, ही समजूत येथे टिकत नाही.

दुसरा प्रयत्न खादी व ग्रामोद्योग चळवळीचा. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि १९५६ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने कडुलिंब, करंज, मोह, उंडी इत्यादींच्या अखाद्य तेलांपासून साबण करण्यास उत्तेजन दिले. उंडीचे झाड कोकण किनाऱ्यावर विपुल असूनही ठाणे परिसरात या साबणाचे स्थान खादी भांडारांपुरतेच मर्यादित राहिले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजाऱ्यांचे गट करून महिन्याच्या वाणसामानाचे वितरण सुरू केले. काय विकत घ्यावे याची चर्चा यामुळे दुकानाच्या फळीवरून मध्यमवर्गीय गृहिणींच्या बैठकीत आली. पुढील काळातील पर्यायी स्वच्छताद्रव्यांच्या प्रसाराला अशा गटांची सवय उपयोगी पडली, असे म्हणण्यास हरकत नाही.

चिंचेची जागा घेणारे उत्पादन ठाण्यातच निर्माण झाले. रवींद्र प्रभुदेसाई यांनी १९८९ साली ठाणे येथे स्थापन केलेल्या पितांबरी या उद्योगाची तांब्यापितळेची भांडी उजळविणारी भुकटी महाराष्ट्रभर पसरली, इतकी की ‘भांडी पितांबरीने घासणे’ हा वाक्प्रयोग रूढ झाला. तोपर्यंत पितळ रोजच्या स्वयंपाकातून हद्दपार होऊन देवघरात व शोभेच्या कपाटात गेले होते. वर्षातून चार-सहा वेळा घासायच्या वस्तूंसाठी चिंच भिजवीत बसण्याइतका वेळ नोकरी करणाऱ्या, लोकलने मुंबईस जाणाऱ्या स्त्रीजवळ नव्हता.

नदी, कारखाने आणि पुनर्विचार : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. ठाण्याची वागळे औद्योगिक वसाहत ही त्याची पहिली वसाहत होय. डोंबिवलीची वसाहत १९६४ मध्ये सुरू झाली व तेथे रासायनिक कारखान्यांची संख्या मोठी राहिली. घरे कारखान्यांना येऊन भिडली. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवट पाऊस पडल्याच्या व फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाल्याच्या घटना घडल्या. मे २०१६ व मे २०२४ मधील कारखान्यांतील स्फोटांत जीवितहानी झाली. रसायनांविषयीची जी धास्ती अन्य शहरांत पुस्तकी वाटते, ती येथे खिडकीतून दिसते. घरातील बाटलीवर काय लिहिले आहे हे वाचण्याची सवय येथील सुशिक्षित वर्गात वाढली, तिच्यामागे हा अनुभव असावा असा प्रस्तुत लेखकाचा तर्क आहे.

कल्याण-डोंबिवलीला पिण्याचे पाणी मुख्यतः उल्हास नदीतून मिळते. तिला मिळणारी वालधुनी नदी अंबरनाथ-उल्हासनगरचे सांडपाणी घेऊन येते. उन्हाळ्यात उल्हासच्या पात्रावर पसरणारी जलपर्णी ही पाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांची वाढ दर्शविते. यात मलमूत्रयुक्त सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, पण धुण्याच्या भुकट्यांत पाणी मृदू करण्यासाठी घातल्या जाणाऱ्या फॉस्फेटांचाही वाटा आहे. मोरीतून गेलेले पाणी फिरून नळाला येऊ शकते, ही गोष्ट नदीकाठच्या शहराला विसरून चालत नाही. केंद्र शासनाने १९९१ मध्ये पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी ‘इकोमार्क’ योजना काढली व तीत साबण-प्रक्षालकांचा समावेश केला, परंतु ती लोकप्रिय झाली नाही. ठाणे-डोंबिवलीत पर्यावरण दक्षता मंडळासारख्या संस्थांनी चालविलेल्या पर्यावरण-शिक्षणाच्या कार्याने या प्रश्नाची जाणीव शाळा व गृहसंकुले यांपर्यंत नेली.

घरगुती द्रव्यांच्या पुनरुज्जीवनास खरी गती मिळाली ती कचऱ्याच्या प्रश्नामुळे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीला वारंवार लागणाऱ्या आगींचा धूर शहराने वर्षानुवर्षे सोसला आणि ती २०२१ मध्ये बंद झाली. वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचे काय करावे याचे एक उत्तर फळांच्या सालींपासून केलेल्या आंबवणाने दिले. त्याला ‘बायोएन्झाइम’ म्हणतात. थायलंडमधील रोसुकॉन पूमपानवाँग यांनी प्रसृत केलेल्या या कृतीत १ भाग गूळ, ३ भाग संत्री-मोसंबी-लिंबू यांच्या साली व १० भाग पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून तीन महिने ठेवतात. पहिला महिनाभर आंबताना वायू निर्माण होतो, म्हणून बाटलीचा चौथा हिस्सा रिकामा ठेवून झाकण रोज क्षणभर सैल करावे लागते. काचेची बाटली फुटण्याचा धोका असतो.

या द्रवाच्या गुणांविषयी अतिशयोक्ती बरीच आहे. तो ओझोन थर दुरुस्त करतो, नद्या शुद्ध करतो, असे दावे केले जातात. त्यांना शास्त्रीय आधार नाही. उलट, साखरयुक्त द्रव तलावात ओतल्याने पाण्यातील ऑक्सिजन कमीच होईल. त्याची स्वच्छता करण्याची शक्ती विकरांपेक्षा (एन्झाइमांपेक्षा) त्यातील ॲसिटिक व लॅक्टिक अम्लांमुळे आणि सालींतील सुगंधी तेलामुळे येते. नळावरील पांढरा थर, स्वच्छतागृहातील टाइल आणि सिंक यांसाठी तो चांगला चालतो. मात्र कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड असून मोझेइकमध्येही संगमरवराच्या चिपा असतात. अम्लाने हे दगड खरवडले जाऊन त्यांची झिलई जाते. ठाणे-डोंबिवलीच्या जुन्या इमारतींतील ओटे आणि जमिनी याच दगडांच्या असल्याने ही सूचना येथे विशेष महत्त्वाची ठरते. तेथे रिठ्याचे पाणीच योग्य होय.

अशीच दुसरी रूढ चूक म्हणजे खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र करून वापरणे. फेस उठतो व काहीतरी घडल्याचा भास होतो, पण अम्ल व क्षार एकमेकांस उदासीन करतात आणि शेवटी सोडियम ॲसिटेटचे पाणी उरते. सोडा तेलकटपणावर व व्हिनेगर पांढऱ्या थरावर असे वेगवेगळे वापरल्यासच गुण येतो. सर्वांत धोकादायक मिश्रण मात्र विकतच्या द्रव्यांचे आहे. सोडियम हायपोक्लोराइट असलेला विरंजक द्रव आणि हायड्रोक्लोरिक अम्ल असलेला स्वच्छतागृहाचा द्रव एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. २०२० च्या कोव्हिड साथीत हायपोक्लोराइटाचा वापर घरोघरी सुरू झाल्यावर हा धोका वाढला होता. व्हिनेगर अथवा बायोएन्झाइम यांसारखी घरगुती अम्लेही विरंजक द्रवाबरोबर मिसळू नयेत. रोगजंतूंचा निःपात हे काम रिठा, चिंच वा साली यांच्याकडून होत नाही. घरात सांसर्गिक रोगी असता उकळते पाणी, योग्य प्रमाणातील हायपोक्लोराइट किंवा साबण यांनाच पर्याय नाही.

श्रमाचा प्रश्न या चर्चेत बहुधा बाजूला पडतो. ठाणे व डोंबिवलीतील हजारो घरांची धुणीभांडी बाहेरून येणाऱ्या स्त्रिया करतात. दिवसाकाठी पाच-सहा घरांत प्रक्षालकांच्या पाण्यात हात बुडविणाऱ्या या स्त्रियांना त्वचादाहाचा त्रास होतो, आणि सौम्य द्रव्याचा खरा लाभ घरमालकिणीपेक्षा त्यांनाच अधिक व्हावयास हवा. पण कमी फेसाचे द्रव्य अधिक घासायला लावते आणि वेळ त्याच मजुरीत जातो, म्हणून त्यांपैकी अनेकजणी रिठ्याला नाखूश असतात. या नाखुशीत अज्ञान पाहणे चुकीचे ठरेल. राखेच्या क्षारानेही जुन्या काळी हात भेगाळत, आणि ते हातही बहुधा दुसऱ्याचेच असत.

‘नैसर्गिक’ म्हणजे ‘निर्विष’ असेही नव्हे. सॅपोनिने माशांना विषारी असतात. रिठा, हिंगण यांसारख्या फळांचा उपयोग डोहातील मासे भुलविण्यासाठी परंपरेने होत आला आहे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र झोंबते. मोरीतून सांडपाणी नळांत जाणारे अल्प प्रमाण विघटन पावून निरुपद्रवी होते, पण ठाण्याच्या मासुंद्यात किंवा कल्याणच्या काळ्या तलावात रिठ्याचे मोठ्या प्रमाणावर धुणे करणे माशांना मानवणारे नाही.

बाजारात आज भुकटी किंवा सुकी टरफले म्हणून मिळणारा रिठा बहुतांशी उत्तर भारतातील सॅपिंडस मुकोरोसी या जातीचा असतो. त्याचे फळ सामान्यतः एकेकटे, गोल व गुळगुळीत असते. कोकणच्या जातीचे फळ दोन किंवा तीन खंडांचे असून कोवळेपणी त्यावर लव असते, आणि वाळल्यावर खंड सुटे होऊन प्रत्येकाला एका बाजूस जोडाची सपाट खूण राहते. रिठ्याचे झाड पानझडी असून बियांपासून रुजते. बियांचे कवच कठीण असल्याने त्या पेरण्यापूर्वी एक-दोन दिवस पाण्यात भिजवून घेतात. झाडाला फळे धरण्यास काही वर्षे लागतात आणि कोकणात ती साधारणपणे हिवाळ्याच्या अखेरीस पिकून काढणीस येतात.